डावीकडचं शिंग

आठव्या दिवशी डागलं होतं त्याला.
डॉक्टर रबाळ्याहून स्कूटरवर आले,
डिकीत लोखंडी दांडा, टोकाला बोराएवढा खळगा.
मी करडू गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरलं,
डोकं तेवढं बाहेर.
डॉक्टर आकडे मोठ्यानं मोजत होते,
बहुतेक माझ्यासाठी.
जळक्या केसांचा वास
पुढे चार दिवस भाकरीला येत राहिला.

तांब्याच्या रंगाची कडी उठली की काम झालं, म्हणाले.
उजवीकडे उठली, अख्खी.
डावीकडे थोडी तुटक होती,
पण ते असं ओरडत होतं
की मीच म्हणालो, बास.

त्याआधी दोन दिवस
त्याच्या आईला मी जाळीतून काढलं होतं.
अडवलीच्या मागे रंगाच्या कंपनीचं कुंपण,
पलीकडे गळक्या पाइपाखाली हिरवागार पट्टा.
मान आत गेली,
शिंगं तिला परत येऊ देईनात.
रात्रपाळीचा वॉचमन सुटता सुटता फोन करून गेला.
मी पक्कड घेऊन पळालो.
सकाळपाळीचा म्हणाला, जाळी कापली तर माझी नोकरी जाईल,
शिंगंच काप ना.
मी काहीच कापलं नाही.
तोवर घाई करण्याजोगं काही उरलं नव्हतं.

ऋत्वीनं बाटलीनं वाढवलं त्याला.
नाव ठेवलं टकल्या.
शाळेच्या निबंधातही लिहिलं,
आमच्या बोकडाला शिंगं नाहीत म्हणून तो स्वभावानं गरीब आहे.

चौथ्या महिन्यात कानामागे खाजवताना
बोटाला काहीतरी लागलं.
खपली असेल, म्हटलं.
खपली वाढत नाही.
हे वाढलं. वाकडं, चपटं, ओल्या लाकडाच्या ढलपीसारखं,
आणि पडायला आलेल्या दातासारखं हलणारं.
मुळाशी हाड नव्हतंच, नुसती कातडी धरून होती.
एकदा गव्हाणीवर आपटून तुटलं,
तोंडभर रक्त, ऋत्वी शेजारच्या घरात जाऊन लपली.
मी हळद दाबली, कापूस दाबला,
डोकं छातीशी धरून बसलो पाऊण तास,
कंपनीचा शर्ट गेला तो गेलाच.
महिन्याभरात परत आलं.
या वेळी वळून, डोळ्याच्या दिशेनं.

कौशाचे मुश्ताकभाई बघायला आले होते.
पाठ दाबली, दात पाहिले, खूश झाले.
मग हात कपाळावर गेला
आणि तसाच खिशात परतला.
"दोन असावीत, नाहीतर एकही नसावं.
हे काय, अर्धं?"
चहा मात्र पूर्ण प्याले.

शांता म्हणते, पुन्हा डागून टाक, एकदाच काय ते.
डॉक्टर फोनवर म्हणाले, आता वय गेलं त्याचं.
टोक तेवढं काढत राहा.
बोटानं चाचपून बघा,
गार लागेल तिथंवर तुमचं,
ऊब लागली की थांबायचं.

म्हणून दर तिसऱ्या रविवारी हे असं.
दिवा ऋत्वीच्या हातात,
मान तिच्या आईच्या काखेत,
माझ्याकडे करवतीचं जुनं पातं, एका टोकाला चिंधी बांधलेली.
आधी डोळे मिटून चाचपतो.
गार. गार. गार.
मग कळेल न कळेल असा बदल,
कुलूप लावून गेलेल्या घराच्या भिंतीला
आत कुणी असल्यासारखा.
तिथं नखानं खूण करतो
आणि खुणेच्याही अलीकडे कापतो.
दोन बोटं अलीकडे.
शांता म्हणते, एवढंसंच? परत वाढेल.
वाढेल.

भुसा पडतो, नखासारखा वास येतो.
तुकडा मी फेकत नाही,
फ्यूजच्या तारेच्या डब्यात ठेवतो. सहा झालेत.
ऋत्वी विचारते, आता नाव बदलायचं का.

सोडल्यावर तो दूर जात नाही.
माझ्याच गुडघ्यावर डोकं घासतो, डावीच बाजू,
जिथं पँट आधीच विरली आहे.
दूर कंपनीची शिट्टी होते.
कुंपणावर त्यांनी आता दुप्पट जाळी लावली आहे,
बारीक भोकांची.
बोटसुद्धा जात नाही आत. मी घालून पाहिलं.